दर्यासेनापतींचे वंशज

"गच्चीवर बोंबील कोनी घातलान वाळत?" गंगारामशेटनी जिन्यातूनच विचारलं.

"मी घातलंय. कुठं घालू मग, तुमच्या फेट्यावर?" येसूबाईंचा आवाज स्वयंपाकघरातून आला.

"अगो, उद्या कोन मोठा मानूस घरी आला तर काय म्हनंल? सेनापतीच्या गच्चीवर बोंबील?"

"मग सेनापती काय खात हुते? वरनभात?"

हा प्रश्न अडचणीचा होता, कारण सेनापती काय खात असत हे रावजी सरांनी अजून सांगितलं नव्हतं. गंगारामशेट वर गेले आणि बोंबलांवर एक जुनी चादर टाकून आले.

गंगारामशेट क्षत्रिय होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. त्याआधी ते चांगले सुखात होते. मिरकरवाड्याच्या बंदरात त्यांचे ट्रॉलर होते, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत बर्फाचा कारखाना होता आणि बंदरापासून हाकेच्या अंतरावर दुमजली बंगला होता. बापाने आणि आज्याने होडी मारून जे कमावलं, ते यांनी बर्फात घालून टिकवलं होतं. स्वतः गंगारामशेट मात्र कधी समुद्रावर जात नसत. त्यांना बोट लागायची. जयगडची फेरीबोट धक्का सोडते न सोडते तोच ते कठड्याला धरून ओकायला लागत. समाजात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणी बोलत नसे, कारण बर्फ सगळ्यांनाच लागायचा.

त्यांच्या जातीचं नाव इथे मुद्दामच दिलेलं नाही. दिलं तर त्या जातीतले लोक रागावतील आणि बाकीच्या जातींतले हसतील. न दिल्यामुळे प्रत्येकाला ती शेजारच्याची वाटेल आणि कथा निर्धास्तपणे वाचता येईल.

तर हे सगळं सुरू झालं समाजाच्या वार्षिक सभेत. शेजारच्या एका समाजाने आपण चालुक्यांचे किल्लेदार असल्याचं जाहीर केलं होतं, आणि त्याच्या पलीकडच्या समाजाने कदंबांचे कारभारी असल्याचं. आपणच तेवढे कोणाचे कोणी नाही, ही बोच सभेत एकाने बोलून दाखवली आणि ती सगळ्यांनाच लागली. ताबडतोब इतिहास शोध समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण, तर ज्याच्या बंगल्यात सभेला जागा आणि वर चहा-फरसाण, तो.

समितीने चिपळूणहून रावजी सरांना बोलावलं. सर एका शाळेत इतिहास आणि पी.टी. शिकवून निवृत्त झाले होते, आणि दोन्ही विषय शिकवायचा त्यांचा सूर एकच होता. त्यांनी बंगल्याच्या गच्चीवर उभं राहून एकदा समाजाकडे पाहिलं, एकदा समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "शिलाहार."

"सर, चोळ नाय का जमनार?" चिटणीसांनी भीतभीत विचारलं. "त्यांचा आरमार मोठा हुता म्हनतात."

"चोळ लांब पडतात," सर म्हणाले. "शिलाहार जवळचे. जायला-यायला बरे."

लवकरच पुस्तिका आली. तिच्यानुसार समाजाचे मूळ पुरुष भीमनायक हे शिलाहार राजाचे दर्यासेनापती होते. पुढे राज्य बुडालं. शत्रूला ओळखू येऊ नये म्हणून सेनापतींच्या वारसांनी वेषांतर केलं आणि मासे मारायचं सोंग घेतलं. हे सोंग इतकं चांगलं वठलं की पुढची आठशे वर्षं ते कोणालाच ओळखता आलं नाही, सोंग घेणाऱ्यांनासुद्धा नाही.

येसूबाईंच्या बहिणीचा मुलगा अजिंक्य रत्नागिरीतच वकिली करायचा. त्याने पुस्तिका चाळून विचारलं, "सर, याला पुरावा काय?"

"ताम्रपट होता. चिपळूणच्या पुरात वाहून गेला."

"तांब्याचा पत्रा वाहून कसा जाईल? तो बुडायला पाहिजे."

"तेच म्हणतोय मी. बुडाला."

एवढा भक्कम खुलासा मिळाल्यावर कोणालाच शंका उरली नाही. तशी कोकणातल्या सगळ्या जातींच्या पुस्तिका एकाशेजारी एक ठेवून वाचल्या तर असं दिसतं की त्या काळी इथे फक्त सेनापती, किल्लेदार आणि कारभारी राहत असत. त्यांच्या हाताखाली लढायला कोण होतं आणि त्यांच्या होड्या कोण वल्हवायचं, याची नोंद कुठेच सापडत नाही.

गंगारामशेटनी मात्र सेनापतिपद मनावर घेतलं. गेटवर 'दर्यासेनापती निवास' अशी ग्रॅनाइटची पाटी बसली. कोल्हापुरात जाऊन त्यांनी तलवार आणली. दिवाणखान्यात भीमनायकांचं पुरुषभर उंचीचं तैलचित्र आलं. भीमनायक दिसायला कसे होते हे कोणालाच माहीत नसल्याने चित्रकाराने समोर बसलेल्या गंगारामशेटचाच चेहरा काढला आणि त्याला मिशा लावल्या. जाळी, दोर, येसूबाईंची मासळी विकायची जुनी पाटी, सगळं मागच्या पडवीत गेलं. ओट्यावर मासळी साफ करायची तर मागचं दार लावून, असा हुकूम सुटला.

यातल्या वेडेपणावर हसणं सोपं आहे. पण गंगारामशेट काही वर्षांपूर्वी पुण्याला एका लग्नात गेले होते. पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी "आपला व्यवसाय?" विचारलं, यांनी अभिमानाने "मासळी" म्हणून सांगितलं, आणि त्या गृहस्थांनी हसत हसत खुर्ची थोडीशी पलीकडे सरकवली. गंगारामशेट त्या दिवशी तीन अत्तरं लावून गेले होते. ती खुर्ची त्यांच्या मनातून गेली नव्हती, आणि सेनापतीच्या शेजारची खुर्ची कोणी सरकवत नाही असं त्यांना वाटत होतं.

या सगळ्याकडे त्यांची मुलगी सानिका हताश होऊन बघत होती. तिला मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत चांगले गुण पडले होते, सरकारी कॉलेजात समाजाच्या राखीव कोट्यातून जागाही मिळाली होती. समाजात आजवर डॉक्टर कोणी झालं नव्हतं. फक्त जातपडताळणीचं प्रमाणपत्र यायचं बाकी होतं. तिच्या पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी नुसतं 'हिंदू' लिहून ठेवल्यामुळे ते अडलं होतं.

"बाबा, मी अर्जात मागास लिहायचं आणि तुम्ही गेटवर सेनापती लिहायचं?" तिने एकदा विचारलं.

"अर्ज अर्जाच्या जागी, गेट गेटच्या जागी," बाबा म्हणाले. "सरकार काय आपला गेट वाचायला येनार हाय?"

आणि मंगळवारी दुपारी सरकारचा फोन आला. जातपडताळणीसाठी चौकशी अधिकारी दुसऱ्या दिवशी सकाळी घरी येणार होते. घरचा पारंपरिक धंदा, देवदेवक, सणवार, बोली, सगळं स्वतः बघून अहवाल देणार होते. आणि सानिकाला प्रमाणपत्र हजर करायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

अजिंक्य स्कूटर फेकून धावतच आला. "काका, हे सेनापती प्रकरण आजच्या आज बंद. उद्या या घरात फक्त मासेमार दिसले पाहिजेत. साहेबांना जर वाटलं की तुम्ही कुठल्या राजघराण्यातले वगैरे आहात, तर ते तसंच लिहून मोकळे होतील. मग बसा शिलाहारांकडनं सीट मागत."

सानिका जिन्याच्या पायरीवर बसून नखं खात होती. लहानपणी सोडलेली ही सवय तिला पुन्हा लागलेली पाहून गंगारामशेट उठले आणि त्यांनी स्वतः तलवार कॉटखाली सरकवली.

मग घर उलटं फिरलं. मागच्या पडवीतलं सगळं सामान पुढे आलं. येसूबाईंनी गच्चीवरच्या बोंबलांची चादर काढली, वर बारीक कोळंबीचा कोलीमही वाळत घातला आणि एवढ्यावर न थांबता सुकटीची टोपली थेट दिवाणखान्यात आणून ठेवली. महिनाभर दाबून ठेवलेला वास तासाभरात परत आला. गेटवरची पाटी सिमेंटात बसवलेली असल्याने निघेना, तेव्हा तिच्यावर जाळं पांघरलं. भीमनायक तर भिंतीत खिळे ठोकून पक्के केलेले होते. त्यांच्यावरही जाळं टाकलं, तरी वरून डोकं आणि मिशा बाहेर राहिल्याच. ते जाळ्यात सापडल्यासारखे दिसायला लागले.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती. पण संध्याकाळी समितीची बैठक होती आणि आपण का येत नाही हे समाजाच्या ग्रुपवर कळवणं गंगारामशेटना भाग होतं. 'तब्येत बरी नाही' एवढं लिहून चाललं असतं. पण एवढा मोठा अधिकारी आपल्या घरी येतोय आणि ते कोणाला सांगायचंही नाही, हे त्यांना जड गेलं. त्यांनी लिहिलं, "उद्या सकाळी माझ्या निवासस्थानी सरकारी अधिकारी येत आहेत. आपल्या समाजाच्या पूर्वपरंपरेची माहिती घेणार आहेत. म्हणून आज येणे नाही."

अजिंक्यने हे पाहिलं आणि फोनच काढून घेतला, बंद केला आणि स्वतःच्या खिशात टाकला. त्यामुळे काका आणखी काही लिहू शकले नाहीत हे खरं, पण त्यावर समाजाने काय उत्तर दिलं तेही कोणाला कळलं नाही.

बुधवारी सकाळी साहेब आले. पन्नाशीचे, शांत, हातात चामड्याची बॅग. गेटवरच्या जाळ्याकडे त्यांनी जरा नवलाने पाहिलं. आत गंगारामशेट गंजीफ्रॉक आणि गुडघ्यापर्यंत वर घेतलेल्या लुंगीत, मांडीवर जाळं घेऊन जमिनीवर बसले होते. संगमरवरी फरशी थंड होती आणि त्यांना तसं बसायची सवय नव्हती.

"पारंपरिक व्यवसाय?" साहेबांनी विचारलं.

"मासेमारी," गंगारामशेट म्हणाले. महिनाभरात हा शब्द तोंडात न आल्याने तो जरा अडखळत बाहेर पडला.

"मासेमारी," येसूबाईंनी ठणठणीत आवाजात दुरुस्त केलं. "सासरा होडीवर तांडेल हुता, सासू पाटी घेऊन बाजारात बसायची, आनि तिच्या मागनं मी बसलंय. हात बगा माजं. बांगड्याच्या काट्याची खून हाय ही."

साहेबांनी लिहून घेतलं. नारळीपौर्णिमेला काय करता, लग्नात देवक काय असतं, पहिली मासळी कोणाला देता, सगळ्याची उत्तरं येसूबाईंनी न थांबता दिली. मध्ये साहेबांनी भिंतीकडे बोट केलं. "हे कोण?"

"मावशीचे आजेसासरे," अजिंक्य पटकन म्हणाला. "काकांचे आजोबा."

"फेटा? आणि जाळ्यातनं दिसतेय ती तलवार?"

"ते नमन-खेळ्यांत काम करायचे. राजाचा पार्ट असायचा त्यांच्याकडे."

"असं का," साहेब म्हणाले. "मला नमन फार आवडतं." त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला, आणि अजिंक्यने येसूबाईंकडे पाहून हळूच मान हलवली. सगळं सुरळीत चाललं होतं.

"तुम्ही स्वतः समुद्रावर जाता?" साहेबांनी गंगारामशेटना विचारलं.

"त्यांना बोट लागते," येसूबाई ओघात बोलून गेल्या आणि मग त्यांनी जीभ चावली. "म्हंजे अलीकडं लागते. वयानं."

"मग जाळं तरी विणता ना? जरा दाखवा बरं ही फाटलेली जागा सांधून."

गंगारामशेटनी सुई हातात घेतली. बापाला त्यांनी लहानपणी शेकडो वेळा जाळं सांधताना पाहिलं होतं, पण पाहणं आणि करणं यात फरक असतो. पहिला फास अंगठ्याला बसला. तो सोडवायला गेले तर दुसरा लुंगीच्या काठाला बसला. ते उठून उभे राहिले, तेव्हा जाळंही त्यांच्याबरोबर उठलं आणि खांद्यावरून पाठीपर्यंत गेलं. साहेब पेन हातात धरून बघत राहिले.

नेमका त्याच वेळी बाहेर ढोल वाजला.

आधी एक, मग चार, मग सनई. गेट उघडल्याचा आवाज आला. साहेब खिडकीपाशी गेले. अंगणात समाजाची सगळी कर्ती मंडळी उभी होती, प्रत्येकाच्या डोक्याला भगवा फेटा, आणि सगळ्यांच्या पुढे रावजी सर. सरकार आपल्या इतिहासाची दखल घ्यायला येणार हे ग्रुपवर वाचून ते पहाटेच्या गाडीने चिपळूणहून निघाले होते.

"दर्यासेनापती गंगारामराजे यांचा..."

"विजय असो!"

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

अजिंक्य शेवटी वकीलच. "नमनमंडळ," तो म्हणाला. "तालमीला आलेत. यंदा राजाचा पार्ट काकांकडे आहे."

"सकाळी अकराला तालीम?"

"हौशी लोक आहेत साहेब."

"मग करा, करा," साहेब खुशीत म्हणाले आणि खुर्ची ओढून दारात बसले. "मी थांबतो. बघू तरी."

आता इलाजच नव्हता. गंगारामशेट अंगावर जाळं घेऊन तसेच दारात आले. त्यांना पाहून ढोल थांबले. राजांना या अवस्थेत बघायची कोणाचीच तयारी नव्हती. रावजी सर मात्र डगमगले नाहीत. त्यांना साहेब दिसले होते, आणि ज्यांच्यासाठी पहाटे उठून आलो ते समोर असताना भाषण न करता परत जाणारे ते नव्हते.

"आदरणीय अधिकारी महोदय!" पी.टी.च्या आवाजात त्यांनी सुरुवात केली. "आज शासनाला आठशे वर्षांनी जाग येत आहे. आपण ज्या उंबऱ्यावर बसला आहात तो साधा उंबरा नाही. या घराण्याने मासळीला कधी हात लावलेला नाही! जाळं हातात धरलेलं नाही!"

साहेबांनी जाळ्यात गुंतलेल्या गंगारामशेटकडे पाहिलं. "मग हे काय आहे?"

"हे?" सर क्षणभरही थांबले नाहीत. "हे वेषांतर! शत्रू दारात आला की हे घराणं आजही वेषांतर करतं. रक्तातच आहे ते."

"शत्रू कोण?"

यावर सगळ्या फेट्यांनी एकदम साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या चेहऱ्यावरची नमनाची खुशी हळूहळू गेली. त्यांनी पेनचं टोपण काढलं. जिन्यावर सानिका उठून उभी राहिली होती आणि तिने कठडा घट्ट धरला होता.

"म्हणजे हे नाटक नाही?" साहेब म्हणाले. "तुम्ही खरोखरच असं मानता?"

"मानतो? सिद्ध केलंय!" रावजी सर गरजले. "शिलाहार राजाचे दर्यासेनापती भीमनायक, त्यांचे हे थेट वंशज!"

"कोण?"

"भीमनायक."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. इतका वेळ शांत असलेला तो माणूस कानापर्यंत लाल झाला. "भीमनायक यांचे कसे?" ते ताडकन उभे राहिले. "भीमनायक आमचे आहेत!"

अंगणात सनईवाल्याने सनई तोंडातून काढून फडक्यात गुंडाळली.

"गेल्या वर्षी आमच्या समाजाने पुस्तिका काढली," साहेब म्हणाले. "प्रस्तावना मी लिहिलीय. ताम्रपटाचा आधार आहे."

"तो पुरात गेलेला?" अजिंक्यने विचारलं.

"तुम्हाला कसं ठाऊक?" म्हणत साहेब वळले आणि पहिल्यांदाच त्यांनी रावजी सरांकडे नीट पाहिलं. फेट्यामुळे त्यांना आधी ओळख पटली नव्हती. "सर, तुम्ही?"

"हो, तेच सांगणार होतो," सर हळू आवाजात म्हणाले. साहेबांना त्यांनीही आत्ताच ओळखलं होतं. "भीमनायक दोन होते."

"एकाच राजाचे? एकाच हुद्द्यावर?"

"राजाला नाव आवडायचं."

आता खरं तर गंगारामशेटनी गप्प राहायचं होतं. त्यांच्या बाजूने वारं वाहायला लागलं होतं. पण महिनाभर ज्याच्या चेहऱ्याला आपला चेहरा दिला, त्या सेनापतीला कोणीतरी डोळ्यांदेखत उचलून न्यावं हे त्यांना सहन होईना. "साहेब, एक इचारू? तुमचं गाव कंचं?"

"आम्ही घाटाच्या पायथ्याचे."

"मग दर्यासेनापती तुमचा कसा? दर्या बगितलाव तरी कदी?"

"आरमाराला लाकूड आमच्याकडनं जायचं! आणि तुम्हाला तर बोट लागते. आत्ताच नोंद केलीय मी."

"बोट सेनापतीला पन लागत असंल! त्याची नोंद हाय का?"

"अहो!" येसूबाई ओरडल्या. पण त्याआधीच साहेबांनी अहवालाचा कागद पुढे ओढला होता.

"ठीक आहे," ते दातओठ खाऊन म्हणाले. "वाद नको. या सगळ्यांसमोर काय ते एकदाच सांगा. तुम्ही भीमनायकांचे वंशज असाल तर तसं लिहितो, मग तुमच्या पूर्वजांची काय ती चौकशी सावकाश होईल. मासेमार असाल तर तसं लिहितो आणि अहवाल आज संध्याकाळी जाईल. बोला."

गंगारामशेटनी अंगणाकडे पाहिलं. ज्यांनी त्यांना राजे म्हटलं ती सगळी माणसं समोर उभी होती. पुण्याच्या लग्नातली ती सरकलेली खुर्ची त्यांना आठवली. मग त्यांनी मागे पाहिलं. सानिका त्यांच्याकडे बघत नव्हती. तिने डोळे मिटून घेतले होते, लहानपणी इंजेक्शन घेताना मिटायची तसे. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"लिवा साहेब," ते म्हणाले. जाळ्यामुळे त्यांना हात जोडता येत नव्हते. "बाप होडी मारायचा. आजा होडी मारायचा. आये पावसापान्यात डोक्यावर पाटी घेऊन आळीआळीत वरडायची, त्या पैशात मी शिकलंय. मासळीवर जगलाव आमी. आनि माज्या पोरीला त्याची लाज नाय, मलाच हुती."

"आणि भीमनायक?"

"नाव कदी ऐकलं नाय."

साहेबांनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. 'पिढ्यान्‌पिढ्या मासेमार, अन्य कोणताही उच्च वारसा आढळत नाही' ही ओळ त्यांनी इतकी दाबून लिहिली की कागदाच्या मागे उमटली. कुठल्याही घराचा अहवाल त्यांनी इतक्या कळकळीने लिहिला नसेल.

तेवढ्यात चिटणीस पुढे सरकले. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून बगलेत धरला होता. "साहेब, माज्या पोराची फाइल पन तुमच्याकडंच हाय. जाता जाता आमचं पन लिवाल काय? आमी पन भीमनायकाचं कोन नाय."

"आमी पन नाय," मागून कोणीतरी म्हणालं. मग रांगच लागली. एकाच्या मुलीचं नर्सिंग अडलं होतं, एकाच्या भाच्याची पोलिसभरती, एकाला स्वतःला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. एकेक फेटा उतरत गेला. चहाला आधण येईपर्यंत आख्खं राज्य खालसा झालं. ढोलवाले तेवढे आपले पैसे कोण देणार याची चौकशी करत उभे होते.

रावजी सर एकटेच फेटा घालून राहिले होते. साहेब त्यांच्यापाशी गेले. "पाहिलंत? सत्य बाहेर आल्याशिवाय राहत नाही. आता पुढच्या आवृत्तीत स्वच्छ लिहा. भीमनायक एकच, आणि ते आमचे."

"लिहितो," सर म्हणाले.

येसूबाईंनी सगळ्यांना चहा दिला. साहेबांना बशीत बिस्किटंही दिली. आता त्यांना धीर आला होता आणि घरी आलेल्या माणसाची विचारपूस करायची त्यांची जुनी सवय होती. "साहेब, तुमची पोरं काय करतात ओ?"

"थोरली नोकरीला आहे. धाकटा यंदाच बारावी झाला. इंजिनिअरिंगला घालायचाय."

"बरा झाला. आनि तुमचा पन आमच्यासारखाच असंल ना, कोटा?"

"हो म्हणजे, आहे. आमचाही आहे." साहेबांनी बिस्कीट चहात बुडवलं. "पडताळणीला टाकलंय त्याचं."

"मग तुमच्या घरी चौकशीला कोन येनार?" येसूबाईंनी सहज विचारलं.

साहेबांचा हात तिथेच थांबला. बिस्कीट कपात मोडून पडलं तरी त्यांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या भीमनायकांकडे पाहिलं, अंगणात उतरवून ठेवलेल्या फेट्यांच्या ढिगाकडे पाहिलं, आणि मग त्यांनी रावजी सरांना हाक मारली.

"सर, त्या भीमनायकांना मुलंबाळं किती होती म्हणालात?"

"दोन पुत्र," सर उत्साहाने म्हणाले. "थोरला..."

"नव्हती," साहेब म्हणाले.

"काय?"

"एकही नव्हतं. निपुत्रिक वारले, असं लिहा."

रावजी सरांनी मदतीसाठी अंगणाकडे पाहिलं. तिथे उभ्या असलेल्या भीमनायकांच्या समस्त वंशजांनी एकमताने माना डोलावल्या.